कामावर सायकलने जायचंय? आधी गुडघ्याला विचारा

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळच्या वेळी दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय ४६, वजन ८४ किलो, राहायला समर्थनगरात, नोकरी चिकलठाणा एमआयडीसीत. मधुमेह निघून तीन वर्षे झालेली. खुर्चीत बसताबसताच त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच सायकल सांगितली होती. आता बघा, जिनासुद्धा चढता येईना."

मी त्यांची जुनी फाईल काढली. दीड महिन्यापूर्वी माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, 'रोज अर्धा तास सायकल'. एवढेच. गोळी लिहून देताना आम्ही डॉक्टर मंडळी किती मिलिग्रॅमची, जेवणाआधी की जेवणानंतर, सगळे लिहितो. सायकल लिहून देताना मात्र कोणती, केवढी, कशी, याचा पत्ता नाही. या गृहस्थांनी बिचाऱ्यांनी माझ्या शब्दाला मान देऊन एकवीस गिअरची, जाड टायरची, पुढे-मागे शॉकअबसॉर्बर असलेली चांगली महागडी सायकल घेतली, वीस दिवस चालवली आणि मग ती गॅलरीत गेली. आता तिच्यावर टॉवेल वाळत होते.

वाचकहो, अशा गॅलरीतल्या सायकली आपल्या शहरात किती असतील याची गणती कुणी केलेली नाही. पण दोन-चार ओळखीच्या घरांत डोकावून पाहा. करोनाच्या काळात, २०२० साली, जिम बंद पडल्या तेव्हा अनेकांनी हौसेने सायकली घेतल्या. त्यातल्या बऱ्याच आज गंज खात उभ्या आहेत. दोष माणसाच्या आळसाला देऊन आपण मोकळे होतो. माझा अनुभव असा की, निम्म्या वेळा दोष सायकलीच्या मापाचा असतो.

त्या गृहस्थांना मी गोळ्या लिहून देण्याऐवजी म्हटले, "उद्या सायकल घेऊनच या." आली. आमच्या दवाखान्याच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचे एक जुने दुकान आहे. तिथल्या चाचांना हाक मारली. त्यांनी सायकलीला हातही न लावता नुसते पाहिले आणि म्हणाले, "डाक्टरसाब, सीट कित्ती नीच्ची रख्खे ये लोगां! घुटना नईं दुखेंगा तो क्या होयेंगा?" आमचे निदान एक्स-रे न काढता झाले.

सीटची उंची: सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

आपल्याकडे बहुतेक जण सीट खूप खाली ठेवतात. कारण सरळ आहे. सिग्नलला थांबलो की सीटवर बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर पडण्याची भीती वाटते. दुकानदारही गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून सीट खाली करूनच देतो. पण सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो, आणि त्या दुमडलेल्या अवस्थेतच त्याला जोर लावावा लागतो. गुडघ्याची वाटी खालच्या हाडावर दाबली जाते. दिवसाला एक-दोनदा झाले तर काही नाही. पण सात किलोमीटरच्या रस्त्यात पायडल हजार-दीड हजार वेळा सहज फिरते. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागते ते यामुळे.

योग्य उंची काढायला कसलेही यंत्र लागत नाही. भिंतीला हात टेकून सीटवर बसा. पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर बोटे नव्हे, टाच ठेवा. या अवस्थेत पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. कंबर एका बाजूला कलली तर सीट जास्त वर आहे. आता टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवा. गुडघ्याला किंचित वाक येईल. हीच तुमची उंची. सायकल चालवताना नेहमी चवडाच पायडलवर हवा, पायाचा मधला भाग नको. गुडघ्याच्या मागच्या शिरा दुखत असतील तर समजावे की सीट जरा जास्तच वर गेली आहे. सीटच्या दांडीवर एक रेघ असते, तिच्यापेक्षा जास्त वर दांडी काढू नये. ती फ्रेममधून निसटते किंवा वाकते.

मग थांबताना काय करायचे? सीटवरून पुढे उतरायचे आणि एक पाय जमिनीवर ठेवायचा. दोन दिवसांत सवय होते. आमच्या गृहस्थांची सीट चाचांनी पावणेतीन इंच वर घेतली. त्या दिवशी त्यांनी गल्लीत दोन चकरा मारल्या, तेव्हा चेहऱ्यावर भीती होती. आठवड्याने आले तेव्हा गुडघ्याची तक्रार निम्म्यावर आली होती. त्यांना दुखऱ्या सांध्याला आठवडाभर विश्रांती आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याचे दोन व्यायामही दिले होते, हेही सांगायला हवे. नाहीतर सगळे श्रेय चाचांच्या पान्याला जायचे!

सीटबरोबर हँडलही पाहावे. नवशिक्या माणसाचे हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडे वरच असावे. कोपर किंचित वाकलेले, खांदे सैल. तळहातावर सगळा भार आला तर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, कारण त्या बोटांकडे जाणारी नस मनगटाजवळ दाबली जाते. सीटवर बसून जांघेच्या भागात बधिरपणा येत असेल तर तोही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. सीटचे टोक वर उचललेले असते, ते सपाट करावे, सीट बदलून पाहावी. 'सायकलीने मूळव्याध होते' असे लोक म्हणतात. मूळव्याधीचे मूळ बद्धकोष्ठतेत आणि शौचास कुंथण्यात जास्त असते. मोड आलेले असतील, दुखत असतील, तेवढे दिवस सायकल बाजूला ठेवावी, इतकेच.

दुकानात गेल्यावर

पूर्वी प्रश्नच नव्हता. काळी, २२ किंवा २४ इंची, दांड्याची सायकल, मागे कॅरिअर, खाली डबल स्टँड. दूधवाला, पोस्टमन, मास्तर, गिरणी कामगार सगळ्यांची तीच. ॲटलास, हिरो, हर्क्युलिस, ॲव्हॉन ही नावे घराघरांत होती. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता, ही बातमी वाचून माझ्यासारख्या हाफ पायडलने सायकल शिकलेल्या माणसाला वाईट वाटले. आपले शहर तर स्कूटर-मोटारसायकलींचे. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि इथल्या कामगाराच्या दारातली सायकल हळूहळू मागे पडली. तरीही २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. म्हणजे सायकल गेली नाही, फक्त आपल्या नजरेतून उतरली.

आज दुकानात तीन प्रकार दिसतील. पहिली ती जुनी काळी सायकल. जड असते, वीस किलोच्या आसपास, पण मोडत नाही आणि कुठल्याही गल्लीत दुरुस्त होते. दुसरी जाड, दातेरी टायरची डोंगरी सायकल. तरुणांना हीच आवडते. खडकाळ रस्त्यासाठी ती चांगली, पण डांबरी रस्त्यावर ते दाते रस्त्याला घासत राहतात, आणि स्वस्त शॉकअबसॉर्बर तुमच्या पायाचा जोर स्वतःच गिळून टाकतात. दर पायडलला सायकल खाली-वर डुलते, पुढे कमी जाते. तिसरी या दोन्हींच्या मधली. टायर मध्यम जाडीचे, गुळगुळीत, शॉकअबसॉर्बर नाहीत, मागे सहा-सात गिअर. दुकानदार तिला हायब्रीड म्हणतात. रोज कामावर जायला माझे मत या तिसरीला. पैशाची ओढ असेल तर पहिली घ्यावी, दुसरी घेऊ नये. आणि दुसरी आधीच घेऊन बसला असाल, तर टायर तेवढे बदलून गुळगुळीत टाका. आमच्या गृहस्थांनी तेच केले.

एकवीस गिअरचे कौतुक फार होते. त्यातले रोजच्या रस्त्यावर तीन-चार वापरले जातात. गिअरचा उपयोग वेगासाठी आहे असे लोक समजतात. माझ्या दृष्टीने तो गुडघा वाचवण्यासाठी आहे. पायडल जड लागू लागले की लगेच हलका गिअर टाकावा. पाय मिनिटाला साठ ते ऐंशी वेळा सहज फिरत राहिला पाहिजे. दात-ओठ खाऊन जड गिअर दामटण्यात कसलाही पुरुषार्थ नाही.

फ्रेम केवढी घ्यावी? दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून जमिनीवर उभे राहा. दांडा आणि जांघ यांच्यामध्ये दोन-तीन इंच जागा हवी. ज्यांच्या कमरेचे, खुब्याचे सांधे आखडले आहेत त्यांनी लाज न बाळगता खाली झुकलेल्या दांड्याची, ज्याला आपण 'लेडीज' म्हणतो ती, सायकल घ्यावी. पाय उंच टाकून बसताना पडलेले दोन काका मी तपासले आहेत. एकाचे मनगट मोडले होते. साडी नेसणाऱ्या किंवा ओढणी घेणाऱ्या भगिनींनी मागच्या चाकाला जाळी आणि पूर्ण चेनकव्हर बसवल्याशिवाय सायकल दुकानाबाहेर काढू नये.

दिसणे आणि थांबणे

आता थोडे आपल्या शहराच्या भूगोलाविषयी. जालना रोड पूर्व-पश्चिम जातो. शहरातून चिकलठाणा किंवा शेंद्र्याकडे कामाला जाणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळी सूर्य येतो, आणि संध्याकाळी घरी परतताना पुन्हा समोरच मावळतीचा सूर्य. तुमचेच डोळे दिपतात असे नव्हे, तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याचेही दिपतात. त्याला तुम्ही एक काळी रेघ दिसता. वाळूजकडे जाणाऱ्यांचे उलट. दोन्ही वेळा सूर्य पाठीशी, त्यामुळे प्रकाशाचा त्रास कमी, पण पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून सकाळी जाताना तो छातीवर घ्यावा लागतो. परतीला तोच वारा ढकलतो. नगर नाक्यापुढे मात्र ट्रक-कंटेनरची रांग असते. तिथे सायकल घालण्यापेक्षा घरापासून कंपनीच्या बसथांब्यापर्यंतच सायकलने जावे, असे मी स्पष्ट सांगतो. व्यायाम तेवढाही पुष्कळ आहे.

म्हणून पूर्वेकडे जाणाऱ्यांनी दिवसाही मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवावा. कपडे पिवळे, केशरी, पांढरे. रात्रपाळीवाल्यांना पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा दोन्ही हवेत. जुन्या सायकलीला टायरवर घासणारा डायनॅमो असे. तो चालवताना धाप लागे आणि थांबले की दिवा गुल. आता मोबाईलसारखे चार्ज करायचे छोटे दिवे मिळतात. पायडलवरचे आणि चाकाच्या तारांमधले चमकणारे तुकडे काढून फेकू नका. मागून गाडीचा उजेड पडला की खाली-वर होणारे पायडल लांबूनच ओळखू येते, माणूस सायकलवर आहे हे त्यावरूनच कळते.

ब्रेकविषयी एकच गोष्ट, पण ती लक्षात ठेवा. चकचकीत स्टीलच्या रिमवर पावसाचे पाणी बसले की ब्रेकचे रबर घसरते. कोरड्या रस्त्यावर ज्या अंतरात सायकल थांबते, त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर लागू शकते. पावसात ब्रेक आधीच हलके दाबून रिम पुसून घ्यावी, मग जोर लावावा. मी स्वतः एका पावसाळ्यात हा धडा उतारावर, एका उभ्या हातगाडीला धडकून शिकलो आहे. केळीवाला भला माणूस होता, त्याने आधी मला उचलले, मग केळी. नवीन सायकल घेताना ॲल्युमिनियमची रिम किंवा डिस्कब्रेक असेल तर जास्त बरे.

हेल्मेट घालावे. कपाळावर भुवईच्या दोन बोटे वर बसले पाहिजे, मागे टोपीसारखे नको. पाठीवर जड सॅक घेऊ नये. पाठ घामाने भिजते आणि मानेवर, मनगटावर भार येतो. डबा, बदलायचा शर्ट, पाण्याची बाटली कॅरिअरवर किंवा कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीत. मडगार्ड हवेतच. नव्या सायकलींना ते नसतात आणि 'काय करायचे आहेत' असे दुकानदार म्हणतो. जुलैमध्ये पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिसात शिरला की कळते. हवा आठवड्यातून एकदा भरावी. किती भरायची ते टायरच्या बाजूलाच छापलेले असते. हवा कमी असली की सायकल जड जाते, आणि माणूस समजतो, आपले वय झाले.

रस्त्याच्या बाबतीत, जालना रोडवरच्या उड्डाणपुलांवर सायकल घालू नये. चढावर तुमचा वेग कमी आणि मागच्यांचा जास्त. पुलाखालून जावे, सिग्नलला थांबावे, दोन मिनिटे जातील. शक्य तिथे सिडकोच्या आतल्या रस्त्यांनी जावे. धूरही कमी.

मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांसाठी

सायकलीने काय मिळते ते आधी सांगतो. सत्तर किलोच्या माणसाने तासाला पंधरा-सोळा किलोमीटरच्या साध्या वेगाने अर्धा तास सायकल चालवली तर साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला. कामावर जाता-येता रोज अर्धा तास धरला तर तो पाच दिवसांत पूर्ण होतो, आणि त्यासाठी पहाटे उठून वेगळा वेळ काढावा लागत नाही. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवले की, दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. २०१७ साली ब्रिटनमधल्याच दोन लाख ६३ हजारांवर लोकांच्या पाहणीत, सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण गाडीने किंवा बसने जाणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात, जे सायकल चालवतात ते मुळातच जरा धडधाकट असतात, हेही ध्यानात ठेवावे. आणि त्यांचे रस्ते आपल्यासारखे नाहीत.

सायकलीचा आणखी एक फायदा वजनदार माणसांना आहे. शरीराचा भार सीट उचलते, त्यामुळे धावण्यात गुडघ्याला जो दणका बसतो तो इथे बसत नाही. सीट योग्य उंचीवर असेल तरच, हे पुन्हा सांगतो.

चाळिशी ओलांडलेल्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसाने सुरुवात करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे. चालताना छातीत दडपल्यासारखे होत असेल, डावा हात किंवा जबडा भरून येत असेल, तर आधी तपासणी, मग सायकल. सायकल चालवताना असे झाले तर 'घर जवळच आहे' म्हणून रेटू नये. उतरावे, बसावे, कुणाला तरी हाक मारावी आणि थेट इस्पितळ गाठावे.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावे. व्यायामाने साखर आणखी उतरते. साखर कमी झाल्याची खूण म्हणजे घाम, थरथर, धडधड. सायकलवर घाम तर येतोच, त्यामुळे ही खूण लपून जाते. डोके हलके वाटणे, विनाकारण चिडचिड, समोरचे धूसर दिसणे यातले काहीही झाले तर उतरून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच तोंडात टाकावे. ती पुडी सायकलीच्या पिशवीत नव्हे, शर्टाच्या खिशात असावी. सायकल चालवण्यापूर्वीचे इन्सुलिन मांडीत न घेता पोटावर घ्यावे, कारण काम करणाऱ्या मांडीतून ते झपाट्याने रक्तात उतरते. उपाशीपोटी निघू नये. मधुमेह्यांनी चपला घालून सायकल चालवू नये. पायाला बधिरपणा असेल तर पायडलने झालेली जखम कळतही नाही. रोज संध्याकाळी पाय पाहावेत.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो. सकाळी आठच्या आत कामावर पोहोचता येत असेल तर ठीक. दुपारच्या पाळीवाल्यांनी ते दोन महिने सायकल विसरावी. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता. कंपनीच्या गेटच्या आधी शेवटची पाच मिनिटे हळू चालवा, म्हणजे घाम आटोक्यात येतो.

ते समर्थनगरचे गृहस्थ फेब्रुवारीत पुन्हा तपासणीला आले. वजन ८४ चे ८० झाले होते. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.३ वरून ७.४ वर आली होती. संध्याकाळचे वडापाव बंद केल्याचाही त्यात वाटा आहे, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. आठवड्यात पाचपैकी चार दिवस ते सायकलने जातात, पाचव्या दिवशी मुलगा मोटारसायकलवर सोडतो. गुडघा ठीक आहे. आता तक्रार वेगळी होती. सिडको चौकापुढे पहाटे एक कुत्रे मागे लागते. मी म्हटले, त्याच्यावर माझ्याकडे औषध नाही. ते म्हणाले, "चाचांना विचारलं. ते म्हणाले, साब, उतरके पैदल चलो, वो भी खडा रह जायेंगा." आणि खरेच, थांबून चालू लागले की कुत्रे थांबते म्हणे.